माशीचे काळे कापड

चाटुंगा आणि मी झांबेझीच्या खोऱ्यात, चावून गुरांना झुरवून मारणाऱ्या त्सेत्से माशीचे कोष नष्ट करायला खणायचो. ही माशी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि ओंडक्याखालच्या सावलीत टाकते. अळी मातीत शिरून कोष करते. तापलेली जमीन उकरताना पाठ मोडायची, पण चाटुंगाने एकही ओंडका उचलल्याशिवाय सोडला नाही.

त्या उन्हाळ्यात बहुतेक कोष वाळून गेलेले निघाले. पाऊसही लांबला. पावसासाठी पूर्वजांना काळे कापड वाहावे लागते. गावात ते एकच होते: चाटुंगाने माशी मारायला औषध लावून गोठ्यापाशी ताणलेले.

"सेकुरू, माशी दिसतेय कुठं? द्या की," गावप्रमुख चाटुंगाला म्हणाला. सेकुरू म्हणजे आजोबा; वडीलधाऱ्याला आदराने तसेच म्हणतात.

"देऊ नका!" चाटुंगाची बायको रेवाई ओरडली. "उरलेल्या माश्या नदीकाठच्या झाडीत दबा धरून बसल्यात. बैल एकच आहे आपला."

"पाऊसच आला नाही तर बैल काय धूळ नांगरेल?" म्हणत चाटुंगाने स्वतःच्या हाताने कापड सोडले.

पाऊस झकास झाला. झाडी हिरवी झाली तशा माश्याही वाढल्या. वाहिलेले कापड परत मागता येत नाही आणि दुसरे मिळाले नाही. बैल झुरत झुरत मेला. प्रमुख मांसाचा वाटा न्यायला आला.

"पाऊस मात्र चांगला झाला, सेकुरू."

चाटुंगाने त्याला बैलाची मांडी कापून दिली.

पुढच्या पावसाळ्यात तो स्वतः जुवाखाली उभा राहिला आणि रेवाईने नांगर धरला. अर्धे शेत तसेच पडून राहिले.