देसले सरांचा जिना आणि आमचं रॉकेट

देसले सरांची आणि माझी पहिली भेट चपलांवरून झाली. चोपड्याहून जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात नुकतीच आलेली मी संगणकाच्या खोलीत चपला घालून शिरले. त्या खोलीला एसी होता आणि देवघराइतकं सोवळं होतं. सर रागावले नाहीत. स्वतः वाकून त्यांनी माझ्या चपला दाराबाहेर ठेवल्या आणि आपल्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणाले, "ये पोरी. मशीनले धूळ चालत नही, प्रश्न बठ्ठा चालतस." शरमेने मी अर्धी झाले, पण सगळे प्रश्न चालतात म्हटल्यावर त्या दिवसापासून प्रश्न विचारायला कधी कचरले नाही.

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहायला मिळतंय याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सरांनी विद्यार्थ्यांकडून पुरुषभर उंचीचं रॉकेट बनवायला घेतलं. इंजिन एकच होतं, तेही मिनतवाऱ्या करून मिळालेलं. आम्हा चौघांकडे रॉकेटचं डोकं आलं: उड्डाणातले आकडे नोंदवायचे आणि योग्य क्षणी हवाई छत्री उघडायची. छत्रीचा प्रोग्राम माझा होता. उंची वाढली की हवेचा दाब उतरतो. तो पुन्हा चढू लागला की रॉकेट खाली येतंय असं समजून छत्री उघडायची, इतकी साधी गोष्ट. घरी सांगितलं तर वडील, आमचे आबा, म्हणाले, "रॉकेट? त्यात तुनं काय काम शे?" त्यांना उत्तर द्यायचं म्हणून तरी ते रॉकेट नीट उतरायला हवं होतं.

सरांची एक रीत होती. कोणताही प्रोग्राम आधी जिन्यात चालायचा. सर स्वतः रॉकेट व्हायचे. पायऱ्या चढत, उतरत दाबाचे आकडे ओरडायचे. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने मशीन व्हायचं, हातात कागद आणि खरीखुरी छत्री घेऊन. कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. भर उन्हाळ्यात जिन्यात छत्र्या उघडताना पाहून शिपाई हसत. सरांना त्याचं काही वाटत नसे.

उड्डाण मे महिन्यात ठरलं. शहराबाहेरच्या बरड माळावर मांडव उभा राहिला, पाहुणे यायचे होते. ते दीड तास उशिरा आले. तोवर रॉकेट उन्हात उभं होतं. नळीला हात लावला तर चटका बसत होता. तारेने जोडलेल्या पडद्यावर मी दाबाचा आकडा बघत होते. रॉकेट जागेवर, तरी आकडा हळूहळू चढत होता. आमच्या साऱ्या चाचण्या एसीच्या खोलीत झाल्या होत्या. खरं सांगायचं तर जळगावच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं ती खोली सोडायलाच तयार नव्हतो! तापलेलं यंत्र चुकीचा आकडा देतं हे आमच्या गावीही नव्हतं. आता कळ दाबली असती तर प्रोग्राम सुरू झाला असता आणि त्याला वाटलं असतं, रॉकेट पडतंय. इंजिन पेटण्याआधीच छत्री बाहेर येऊन लोंबली असती आणि भलतीकडे वळलेलं रॉकेट मांडवावरही गेलं असतं.

पाहुणे बसले होते, हार घालून झाले होते. मी सरांजवळ जाऊन एवढंच म्हटलं, "सर, थांबवा. माझी चूक आहे."

"खात्री शे तुले?"

"शे."

"मंग आज नही."

सर सरळ ध्वनिक्षेपकाकडे गेले. "उड्डाण आज होणार नाही. तपासणी मी केली होती, चूक माझी आहे," असं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं. पाहुणे तोंड वाकडं करून निघून गेले. महाविद्यालयात परतल्यावर प्राचार्यांनी सरांना काय सुनावलं ते आम्हाला दाराबाहेर ऐकू आलं. बाहेर येऊन सर म्हणाले, "चला, जिन्यात."

त्या दिवशी सर पहिली पायरीही चढले नाहीत. खालीच उभं राहून चढते आकडे सांगू लागले. मशीन झालेल्या मी कागदाप्रमाणे मुकाट्याने छत्री उघडली. मग बसून प्रोग्राम बदलला: दाब बराच उतरल्याशिवाय, म्हणजे रॉकेट जमीन सोडून बरंच वर गेल्याशिवाय, चढत्या आकड्याकडे बघायचंच नाही. यंत्राची पेटी दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवून पुन्हा तपासली.

पुढच्या आठवड्यात, ना मांडव ना हार, आमचं रॉकेट उडालं आणि छत्रीखाली झुलत केळीच्या बागेत उतरलं. आबा बागेच्या बांधावरच उभे होते. सरांनी त्यांना चोपड्याहून बोलावून घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं. सर त्यांना म्हणाले, "आबा, हाई तुमनी पोरनं काम शे." आबा टोपीने घाम पुसत राहिले.

सरांनी लिहिलेला अहवाल माझ्याकडे आहे. चुकीपुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आहे आणि 'उड्डाण रोखण्याचा निर्णय' यापुढे माझं. यशाच्या ओळीपुढे कोणाचंच नाव नाही.

सर, हल्ली गुडघे दुखतात म्हणून आपण जिना टाळता असं ऐकते. आपल्याला निरोगी शतायुष्य लाभो, हीच आम्हा सर्वांची इच्छा. साठ हा तर नुसता चढता आकडा आहे. त्यावरून छत्री उघडायची नाही, हे आपणच शिकवलंत. कागद आणि छत्री अजून माझ्याच हातात आहेत.