कुंकवाखालचा आवाज

मला भंगारवाली म्हणतात. घरातले तोंडावर म्हणतात, शेजारचे माघारी म्हणतात. सांगलीतला खराखुरा भंगारवाला मात्र मला "बाई" म्हणतो, कारण मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, मी भंगाराच्या दुकानांत जायला लागले. मला जुन्या डिस्कोच्या रेकॉर्डी लागतात. सिनेमातल्या नव्हेत, त्या ढिगानं मिळतात. ज्या कुणी पदरमोड करून काढल्या, चार ठिकाणी वाजल्या आणि गायब झाल्या, त्या. कुणा ऑर्केस्ट्रातल्या ऑर्गनवाल्यानं परदेशी सिंथेसायझर मिळवला, मुंबईला जाऊन यंत्राच्या ठेक्यावर काहीतरी अचाट वाजवलं, आणि परत येऊन पुन्हा वरातीत वाजवत बसला. असल्या माणसांची मला ओढ आहे. का, ते विचारू नका. नवऱ्यानं विचारून झालंय.

असा एक ऑर्गनवाला सांगलीत होता. त्याची एकच बारकी रेकॉर्ड निघाली. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला नुसतं यंत्रांचं संगीत. बाकीच्या प्रती त्याच्या घरातच पुरात गेल्या म्हणतात. मी ती कधी बघितली नव्हती, ऐकली नव्हती, आणि तरी तिच्यासाठी मी कितीतरी अडगळी उपसल्या होत्या.

भंगारवाल्यानं एकदा फोन केला. "बाई, पलूसकडं एक म्हातारी हाय. मालक स्पीकरवाला हुता तिचा. पेटीभर रेकॉर्डी हायत. पण इकत न्हाई ओ. ऐकवणारं माणूस पायजे म्हणती."

"म्हणजे?"

"आता मला काय म्हाईत? तुमीच जावा. लय विचित्र बाई हाय."

विचित्र म्हटल्यावर मी गेलेच.

गावाबाहेर, रस्त्याला लागून पत्र्याचं शेड होतं. दोन्ही बाजूंना ऊस, इतका वाढलेला की शेड त्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. पत्र्यावर एक जुना कर्णा तारेनं बांधलेला होता, तोंड गावाच्या उलट दिशेला. मी हाक मारली, दार वाजवलं, पुन्हा हाक मारली. कुणी ओ देईना. शेवटी वाकून आत बघितलं तर म्हातारी समोरच बसली होती, दाराकडं पाठ करून, तांदूळ निवडत. मी खांद्याला हात लावला तेव्हा कुठं वळली. दचकली नाही. कुणीतरी येणार हे ठाऊक असल्यासारखी बघत राहिली.

"डाव्या कानात बोला," म्हणाली. "उजवा गेला. डावाबी निघालाय. डाक्टर म्हणला, दिवाळीपतोर टिकंल न टिकंल."

मग तिनं चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. मी तिच्या डाव्या अंगाला बसून प्रश्न ओरडत होते, ती सावकाश उत्तरं देत होती.

लग्न असो, जत्रा असो, मालक मांडवात माइकपाशी उभे राहायचे आणि ही गावाच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या कर्ण्याखाली. ते माइकमध्ये फुंकर मारायचे आणि विचारायचे, "हॅलो... ऐकू येतंय का?" आवाज पोचला की ही पदर हलवायची आणि ओरडायची, "येतंय!" ते ओरडणं त्यांना ऐकू जायचं नाही, नुसता पदर दिसायचा. तरी ओरडायचीच. आवाज फाटत असला तर "आवं, जरा बारीक करा!" असं ओरडायची. उभा जन्म कर्ण्याखाली गेला आणि कान त्या कर्ण्यानंच खाल्ले.

"मालक जाऊन लय वर्सं झाली. तवा कुठं मोबाईल हुतं? फोटू हाय एक. पण फोटू काय बोलतोय?"

आवाज मात्र एका ठिकाणी होता. सांगलीच्या त्या ऑर्गनवाल्याचा दुसऱ्याच्या माइकवर भरवसा नव्हता, म्हणून तो मुंबईला स्टुडिओत जाताना मालकांना माइकसकट घेऊन गेला. तिथं यांनी सवयीनं फुंकर मारली, सवयीनं विचारलं. ऑर्गनवाल्याला ते इतकं आवडलं की त्यानं ते तसंच रेकॉर्डमध्ये ठेवलं. रेकॉर्ड निघाल्यावर मालक ती घरी घेऊन आले आणि म्हणाले, "मी त्यात हाय." पण वाजवून कधी दाखवलं नाही. हजार माणसांत माइकवर बोलणारा हा गडी, स्वतःचा आवाज ऐकला की त्याला कसंतरीच व्हायचं. रेकॉर्ड पेटीत गेली ती गेलीच.

मी शोधत होते तीच रेकॉर्ड या शेडमध्ये होती.

"कान हायत तवर एकदा ऐकायचंय," म्हातारी म्हणाली. "एकदाच. मग ती रेकॉर्ड तुमची. फुकट. मला नगं."

"कुठली ते दाखवा की, मावशी."

तिनं पेटी उघडली आणि मी हात मागं घेतला. पेटीतली एकूणएक रेकॉर्ड लाल होती. कव्हरं केव्हाच कुजून गेलेली. प्रत्येक तबकडीवर पाच बोटं ओढलेली, हळदीची आणि कुंकवाची, थरावर थर, मधल्या कागदावरून थेट कडेपर्यंत. बोटांचे ते वाळलेले ठसे एकाखाली एक रचून ठेवलेले. तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेला माइक, तोही लाल.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेतकरी विळा पुजतो, सुतार रंधा पुजतो, ड्रायव्हर स्टिअरिंगला हार घालतो. स्पीकरवाला मशीन आणि माइक पुजायचा. तो गेल्यावर हिनं रेकॉर्डीही पुजायला घेतल्या. कुठल्या रेकॉर्डीत मालक आहेत ते हिला ठाऊक नव्हतं, म्हणून एकही सोडली नाही. तेलात कालवलेलं कुंकू, दर वर्षी, बोटं दाबून. मध्ये एकदा पुतण्यानं मशीन जोडून बघितलं तर सुई नुसती घसरत गेली.

मी विज्ञानाची बाई. माझ्या तोंडातून पटकन निघून गेलं, "अहो मावशी, खाचांत कुंकू भरलंत तुम्ही! आवाज त्या खाचांतच असतो!"

तिला ते नीट ऐकू गेलं. नेमकं तेवढंच. तिनं स्वतःची बोटं उलटीसुलटी करून बघितली.

"मंजे मीच बुजवलं की त्यास्नी," म्हणाली.

माझी जीभ झडो असं वाटलं मला.

साफ करून बघते म्हणून पेटी साताऱ्याला आणली. नवरा म्हणाला, "आता कुणाच्या घरातलं भूत आणलंस?" मी म्हटलं, "गप्प बसा, पाणी तापवा." साबणाच्या पाण्यानं वरचं कुंकू निघालं, खाचांतलं निघेना. मग मी सुताराचा पांढरा गोंद घेतला. तो तबकडीवर पातळ पसरायचा, वाळू द्यायचा आणि सालीसारखा उपसायचा. खाचांतली घाण घेऊन येतो. गोंद वाळल्यावर मी कड धरून ओढली आणि सबंध गोल साल हातात आली, पातळ, तांबडी, तिच्यावर खाचा उलट्या उमटलेल्या. दोरीवर अशा साली लटकत होत्या आणि वारा नसताना हलत होत्या. पंखा होता, मला माहीत आहे पंखा होता. तरी मी त्या खोलीत पाठ करून बसत नव्हते.

एकेक वाजवत गेले. लग्नातली गाणी, भजनं, आरत्या. आणि एका दुपारी, नवरा मोरीत दाढी करत असताना, एक बारकी तबकडी लावली. यंत्राचा ठेका सुरू झाला, कोरडा, एकसारखा. त्याच्याखाली सिंथेसायझरचा एक लांब सूर, विहिरीत तोंड घालून कुणी गुणगुणावं तसा. अंगावर काटा आला आणि आनंदानं ओरडावंसंही वाटलं. हीच ती! मग सूर थांबला, ठेका तेवढा चालू राहिला आणि माझ्या मागून कुणीतरी फुंकर मारली.

"फू... फू... हॅलो. ऐकू येतंय का?"

मी खरोखर मागं वळले. दार लावलेलं होतं.

"येतंय की!" मोरीतून नवरा ओरडला. "केवढ्यानं लावलंय! कोण आलंय?"

कुणी आलं नव्हतं. त्या आवाजात गाण्याबिण्याचा काही भाव नव्हता. साधा, गावाकडचा, कामातला माणूस. भीती वाटली ती त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेची. प्रश्न विचारल्यावर ऑर्गनवाल्यानं नुसता ठेका ठेवला होता, बराच वेळ. दुसरं काही नाही. तो माणूस उत्तराची वाट बघत थांबला होता आणि ते थांबणं ऐकू येत होतं. मग सूर परत आला आणि आवाज पुन्हा आला नाही.

मी ते मोबाईलवर उतरवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी पलूसची गाडी धरली. मोबाईल म्हातारीच्या डाव्या कानाला लावला. तिनं डोळे मिटले. तोंड वाकडं केलं.

"चिमण्या वरडत्यात नुसत्या."

रेकॉर्ड आणि ती वाजवायचं माझं मशीनही नेलं होतं, त्याच्या शेजारी तिला बसवून वाजवलं, तरी तिनं नकारार्थी मान हलवली. "जवळनं गोंगाट हुतोय. लांबनं कळतंय मला. तुमी कर्ण्यावर लावा. मी माझ्या जागंला जाती."

"कुठल्या जागेला?"

"पुलापाशी. मालक हितं मशीन तपासायचं तवा पैल्यापास्नं तितंच असती मी."

पत्र्यावरच्या कर्ण्याचं तोंड तिकडंच होतं. वायरी मी स्वतः जोडल्या, जुना अॅम्प्लिफायर तापवला, तो घरघरला आणि चालू झाला. म्हातारीनं तोंड धुतलं, केस विंचरले, इरकली नेसली आणि भर उन्हात उसाच्या कडेनं चालत निघाली. वळणावर दिसेनाशी झाली. मी पुरेसा वेळ थांबले आणि सुई ठेवली.

ठेका कर्ण्यातून उसावर गेला. आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी चालू होत्या, त्यांच्या आवाजात तो मिसळून जात होता. मग तो लांब सूर. मी मनात म्हणत होते, देवा, एवढं ऐकू दे तिला, मला दुसरं काही नको. खरंच नको होतं त्या क्षणी. सूर थांबत आला. आता फुंकर येणार.

आणि लाईट गेली.

तबकडी मंदावली, ठेका जाडसर गुरगुरत खाली बसला आणि थांबला. सगळ्या मोटारी एकदम बंद पडल्या. इतकं शांत झालं की उसाची पानं एकमेकांना घासलेली ऐकू येत होती. मी कपाळावर हात मारला. वीजवाल्यांच्या नावानं तोंड उघडणार, तेवढ्यात लांबून, पुलाकडून, बारीक पण स्पष्ट आवाज आला.

"येतंय! येतंय!"

माझा हात तबकडीवर होता. तबकडी फिरत नव्हती. मी खाली बघितलं, पुन्हा बघितलं.

"आवं, जरा बारीक करा!"

मी तिथंच पेटीवर बसले. ठेका संपलेला कळला नसेल, सवयीनं ओरडली असेल, अंदाज बांधला असेल. मुलांना शिकवलं ते सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. सांगितलेलं अंगाला लागेना.

ती परत आली तेव्हा घामानं निथळत होती आणि तोंडावर असं काही होतं की मला बघवेना. लाईट गेली होती हे तिला कळलंच नव्हतं. "आवाज काय बदलला न्हाई मालकांचा," म्हणाली. "तसाच खरखरीत. आन् किती मोठ्यानं वो!" मग माझा हात दोन्ही हातांत धरला. "बाई, तुमी माझं लय काम केलं. ती रेकॉर्ड घ्या आता. मी चा टाकती."

सांगू का नको, सांगू का नको, असं माझं चाललं होतं. तिनं स्टोव्ह पेटवला, कर्ण्याच्या बरोबर खाली, उंबऱ्यात बसून. माझ्याकडं तोंड करून. पातेल्यात पाणी ओतलं.

तेवढ्यात लाईट आली. बटण चालूच होतं. तबकडी गुरगुरत फिरायला लागली, वेग धरला, आणि तिच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून तो आवाज अख्ख्या शिवारावर फुटला. पत्रा थरथरला.

"फू... फू... हॅलो. ऐकू येतंय का?"

मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. ती चहाची पूड मोजत होती. एकदाही मान वर केली नाही.

उत्तरासाठी ठेवलेल्या त्या जागेत ठेका कोरडा वाजत राहिला. तिनं साखरेचा डबा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि हसली.

"चालती न्हवं साखर तुमास्नी?"

"चालते," मी ओरडून म्हणाले.