काजळे बाईंचा आवाज

अनिता काजळे बाईंचा आवाज गेला तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. तिसरीला गुणाकार शिकवता शिकवता सातच्या पाढ्यात घसा जो बसला, तो आठच्या पाढ्याला उघडलाच नाही.

बेडशाच्या वर, डोंगराच्या कडेला ठाकरांची वाडी आहे. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत बाई अकरा वर्षं शिकवत होत्या. सोमाटण्याहून स्कूटीवर यायच्या. शेवटचा दीड किलोमीटर चिखल असला की गाडी खाली लावून चालत. शाळेला दोन शिक्षक मंजूर होते. त्यातले एक गुरुजी दिवाळीपासून तालुक्याला ऑफिसच्या कामगिरीवर गेले होते, ते परत आलेच नव्हते. एक खोली, वर पत्रा, चार वर्ग आणि सत्तावीस मुलं. पावसाचा पत्र्यावर मारा सुरू झाला की बाईंना चौथीच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला ओरडावं लागे. मावळात तो मारा तीन महिने थांबत नाही.

तळेगावच्या घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो. नाही ऐकलंत तर ऑपरेशन."

घरी आल्यावर बाईंच्या मुलीनं, प्रेरणानं, केंद्रप्रमुखांना फोन लावला. कैलास ढोरे सरांचा आवाज स्पीकरवर आला.

"रजा त्यांचा हक्कच आहे, नाही कोण म्हणतंय? पण बदली शिक्षक मी कुठून आणू? शाळा बंद ठेवता येणार नाही. आणि शनिवारी वडगावला 'निरोगी शाळा, आनंदी शिक्षक' कार्यशाळा आहे. मॅडमना सांग, हजेरी सक्तीची आहे."

"सर, आईला बोलता येत नाहीये."

"तिथं बोलायचं नाहीये, ऐकायचंय."

बाईंनी फोन मुलीच्या हातातून घेतला आणि बंद केला. राग आला की त्या आधी मोठ्यानं बोलत. आता नुसत्या उभ्या राहिल्या. मग इतक्या जोरात कणीक मळली की परात ओट्यावरून सरकली.

शनिवारपर्यंतचे तीन दिवस त्या शाळेत गेल्या. फळ्यावर लिहून शिकवायचं ठरवलं. पण पहिलीच्या मुलांना फळ्यावरचं वाचता कुठं येत होतं? शाळेत खिचडी शिजवणारी, बाया तिचं नाव, दारातून हे बघत होती. ती हात पुसत आत आली.

"बाई, तुमी उग्या बसा. मी वरडते की. काय सांगायचं ते खुणेनं सांगा."

बाया शाळेत गेलेली नव्हती, पण तिचा दरारा होता. तिनं एक हाक दिली की सत्तावीस पोरं गप्प. तिनं त्यांना ओळीनं बसवलं, कुणाचं नाक पुसलं, कुणाला वही काढायला लावली. इतक्यात चुलीवरची खिचडी लागली. त्या दिवशी मुलांनी करपलेली खिचडी खाल्ली आणि एकानंही तक्रार केली नाही. त्याचंच बाईंना जास्त वाईट वाटलं.

शनिवारी वडगावच्या सभागृहात साठेक शिक्षक होते. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षिका हसतमुख होत्या. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, श्वास मोजायला लावले. मग म्हणाल्या, "आता पोटातून हसा. मोठ्यानं. लाजू नका."

साठ माणसं हसली. तिसऱ्या रांगेतल्या एक बाई मात्र तोंड मिटून बसल्या होत्या. प्रशिक्षिका माईक घेऊन त्यांच्याजवळ आल्या. "मॅडम, तुमचा ताण चेहऱ्यावर दिसतोय. मोकळ्या व्हा."

बाईंनी वहीचं पान फाडलं, लिहिलं आणि पुढे केलं. प्रशिक्षिकांनी ते माईकवरच वाचायला घेतलं. "माझ्या शाळेत चार वर्ग आहेत आणि शिक्षक मी एकटी. माझा आवाज गेलाय. डॉक्टर बोलू नका म्हणतात. सोमवारी मी काय करू?"

प्रशिक्षिका थोड्या गोंधळल्या. "तुम्ही स्वतःसाठी वेळ काढायला हवा," एवढंच म्हणाल्या.

मागून ढोरे सर उठले. "तो प्रशासकीय विषय आहे. नंतर बघू."

चहाच्या वेळी मात्र बाईंच्या भोवती घोळका जमला. एकीनं सांगितलं, तिच्या शाळेत बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही; दोनदा मूतखडा झाला. एका गुरुजींनी खिशातली रक्तदाबाची गोळी दाखवली. सगळं हळू आवाजात चाललं होतं, जणू त्यांचेही घसे बसले होते. मग बेल वाजली आणि सगळे आत जाऊन बसले.

निघताना ढोरे सर पायरीवर भेटले. "मॅडम, माझ्याकडे तीन केंद्रांचा चार्ज आहे. मला शुगर झालीय. मी कुणाला चिठ्ठी देऊ?" बाईंना त्यांच्यावर नीट चिडताही येईना.

त्यांनी डॉक्टरांचा दाखला जोडून रजेचा अर्ज दिला आणि सोमवारपासून घरी बसल्या. खालच्या गावचे एक गुरुजी वाडीवर दोन दिवस आले. मग त्यांच्याच शाळेची तपासणी निघाली. नवव्या दिवशी बायाचा फोन आला. ऐकता तर येत होतं.

"बाई, शाळंला कुलूप हाय. पोरं खेकडं धराया वढ्याला जात्यात. पाणी लय हाय. मी कुणाकुणाला धरून ठिवू?"

दहाव्या दिवशी बाई शाळेत गेल्या. आधी खुणा केल्या, मग कुजबुजल्या, आणि दुपारी पाऊस वाढल्यावर ओरडल्या.

ऑगस्टअखेर डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. गाठी तशाच होत्या. आवाज आला होता, पण फाटका, जाड. एकदा प्रेरणानं बाहेरून फोन केला, तर आईचा आवाज ऐकून विचारलं, कोण बोलतंय. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलं, कारण मधे रजा मिळण्यासारखी नव्हती.

त्याच सुमारास 'निरोगी शाळा'चा अहवाल भरायचा आला. शेवटचा रकाना होता, कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी कोणते उपक्रम राबवले. बाईंनी लिहिलं, "एकही नाही. दुसरा शिक्षक द्यावा."

ढोरे सरांनी कागद परत पाठवला. सोबत निरोप, असं लिहू नका, वर अडचण होते. बाईंनी त्यावर पुन्हा सही केली आणि तोच कागद पाठवला. या वेळी तो परत आला नाही. पुढे कळलं, सरांनी दुसरा फॉर्म घेऊन स्वतःच भरला होता. त्यात प्राणायाम आणि हास्ययोग, आठवड्यातून दोनदा, असं लिहिलं होतं.

बाईंनी ते ऐकून घेतलं. बाहेर पाऊस होता आणि चौथीची मुलं अजून भागाकारावर अडली होती.