कावेरीबाईंचं गाऱ्हाणं

बांद्याच्या कावेरीबाई मुलांकडून इंग्रजीचा गृहपाठ करून घेत, तो गाऱ्हाण्याच्या चालीवर. देवळात गावकरी एकेक वाक्य म्हणतो आणि सगळा गाव 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतो, तसं. बाई म्हणत, "विशेषण नामाच्या आधी येतं!" आणि पडवीतली पोरं ओरडत, "होय म्हाराजा!" शेजारीपाजारी कपाळाला हात लावत, पण पोरं व्याकरण विसरत नसत.

गेल्या वर्षी बाईंची नजर गेली. त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं तर पोरं यायची थांबतील, मग या रिकाम्या घरात संध्याकाळ काढायची कशी, ही धास्ती त्यांना वाटे. इन्सुलीची अक्षया कविता मोठ्यानं वाची आणि बाई पाठ असलेला अर्थ सांगत. वर चष्मा पुसून पुस्तकात डोळे घालून बसत, नाटकी कुठल्या!

एके दिवशी मुलांच्या आधी अक्षयाची आई शेवंती दारात उभी राहिली.

"बाईनू, माझा चेडू अक्षया इंग्रजीत नापास झाला. रोज तुमच्याकडे येता, मगे असा कसा?"

"पेपरात होडीची कविता आली नव्हती काय गो?"

"ती जुन्या पुस्तकात! यंदा पुस्तक बदल्ला, तुमका म्हायत नाय? चेडू भयणीचा जुना पुस्तक घेवन तुमच्याकडे येता. कित्याक म्हणान विचारला, तर गप."

बाईंना उमगलं. आपल्याला दिसत नाही, हे पोरीनं ओळखलं होतं. बाईंना येतं तेवढंच ती वाचत होती, आणि बाकीची पोरं 'होय म्हाराजा' म्हणून पांघरूण घालत होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचा राग आला, आणि त्या रागातच रडू फुटलं.

पोरं येऊन बसली. बाईंनी हात जोडले.

"ह्या कावेरीक आता अक्षर दिसणा नाय. नवा पुस्तक तिका येणा नाय. चुकला माकला ता पदरात घेवा रे!"



"म्हणा रे, 'होय म्हाराजा'," बाई म्हणाल्या. कुणी म्हणेना.

मग अक्षयानं दप्तरातून नवं पुस्तक काढलं. ते रोज तिथंच असायचं. ती हळू आवाजात कविता वाचू लागली. बाई कान देऊन ऐकत राहिल्या, आणि पुढची एकही ओळ त्यांना ठाऊक नव्हती.