उपसा

रोज सकाळी मी परसातल्या विहिरीतून पाच बादल्या पाणी ओढते. मला एकटीला दोन पुरतात. उरलेल्या तीन मी झाडांच्या आळ्यांत ओतते. ते पाणी मुरून पुन्हा खालीच जातं.

काल शेजारच्या शालूताई कुंपणावरून म्हणाल्या, "नळ आहे की दारात. मग ही कसरत कशाला?"

"उपसा थांबला की झरे बुजतात," मी म्हटलं.

गाळ काढायला आलेल्या माणसानं मला हे विहिरीत उतरून दाखवलं होतं. विहीर वरून भरलेली दिसते, पण पाणी काढलं नाही तर कातळाच्या फटींत गाळ बसतो आणि पाण्याची वाट हळूहळू बंद होते. ते पाणी तरी कुठे माझ्या एकटीचं आहे? पलीकडच्या माळावर मुरतं आणि शालूताईंच्या अंगणाखालून माझ्याकडे येतं.

मुलाला विहीर बुजवून तिथे गाडी लावायला जागा करायची आहे. रात्री फोनवर त्यानं पुन्हा विचारलं, "आई, ती विहीर आता वापरतं कोण?"

"मी," एवढंच म्हणायचं होतं, पण त्याआधी मला दोनदा खाकरावं लागलं. सकाळी शालूताईंशी बोलले होते, त्यानंतर दिवसभर तोंडातून शब्द निघाला नव्हता.

आज पाच बादल्या झाल्यावर मी स्वतःच कुंपणाशी गेले. "शालूताई, कळशी घेऊन या. एकटीच्या उपशानं भागत नाही."

"तुमचं आपलं काहीतरीच," असं म्हणत त्या कळशी घेऊन आल्या.