मॅनेजरनं मोटर ऑटोवर टाकली

आसगावच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा मी अकरा दिवस मॅनेजर होतो आणि त्या अकरा दिवसांत संघ एकही सामना हरला नाही. (एकही सामना झाला नाही, ही गोष्ट वेगळी!) बाराव्या दिवशी सकाळी, सामन्याला चार तास उरले असताना, मला काढून टाकण्यात आलं. काढणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ, सख्खी बायको आणि सख्खी मुलगी होती. बाकीचं गाव टाळ्या वाजवायला आलं होतं.

माझी निवड कशी झाली ते आधी सांगतो. मी भंडाऱ्याला ऑफिसात बाबू आहे. रोज एसटीनं ये-जा, आणि त्या प्रवासात फोनवर परदेशातले फुटबॉलचे सामने. स्वतः आयुष्यात चेंडूला पाय एकदाच लावला होता, तो नालीत जाऊ नये म्हणून, आणि तो गेलाच. पण घरी जेवताना मी 'मिडफिल्ड', 'प्रेसिंग' असे शब्द वरणात लिंबू पिळावं तसे सहज टाकायचो. माझी मुलगी प्रज्ञा संघाची कॅप्टन. तिनं बिचारीनं विश्वास ठेवला.

"बाबा, तुमीच होऊन जा ना मॅनेजर!"

मी "बघतो" म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याहून चेनचं जॅकेट आणि शिटी घेऊन आलो. माझी बायको रंजना जॅकेटकडे बघून एवढंच म्हणाली, "छान दिसून राहिले जी. पन खेलवता येते का?"

मी उत्तर दिलं नाही. मोठे मॅनेजर पत्रकारांनाही उत्तर देत नाहीत.

आमचं मैदान म्हणजे माझ्या मोठ्या भावाची धानाची बांधी. दिवाळीनंतर धान कापून नेलं की ती वाळून कडक होते. मग पोरी धसकटं काढून, दोन्ही बाजूंना बांबूचे गोल रोवून खेळत. यंदा मात्र भाऊंच्या मनात तिथे उन्हाळी धान घ्यायचं होतं. पऱ्हे म्हणजे धानाची रोपंही तयार होती. प्रज्ञानं हातापाया पडून त्यांच्याकडून एक शब्द घेतला होता.

"हे पाय पोरी," भाऊ म्हणाले होते, "शनवारी लाखनीवाल्याईले हरवलं, त बांधी तुमची. पावसाळ्यापर्यंत खेला. हारल्या, त सोमवारी रोवना. मंग रडू नोको."

म्हणजे पोरींचं सगळं लाखनीच्या संघाशी होणाऱ्या त्या एका सामन्यावर होतं. दुसरं मैदान गावात नाही. अशा नाजूक वेळी त्यांना एक अनुभवी, थंड डोक्याचा माणूस हवा होता. त्यांना मी मिळालो.

शुक्रवारी संध्याकाळी मी मैदानाची पाहणी केली. (पाठीमागे हात बांधून. तसंच करतात.) जमीन दगडासारखी कडक होती. आणि मला आठवलं, परदेशात सामन्याआधी मैदानावर पाणी शिंपडतात! त्यानं चेंडू सुसाट पळतो. भाऊंच्या मोटरपंपाची खोली समोरच होती. दहा मिनिटं पाणी सोडावं, माती ओली झाली की बंद करावं, असा साधा विचार. बटण दाबलं. लाइन नव्हती!

आमच्याकडे शेतीची लाइन, म्हणजे वीज, सोयऱ्यांसारखी कधीही येते. म्हणून प्रत्येक मोटरला ऑटोचं बटण असतं. ते लावलं की लाइन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. मी ते लावलं. थोडा वेळ वाट पाहिली, थंडी वाजायला लागली, घरी आलो, जेवलो आणि झोपलो. सामन्याआधी मॅनेजरची झोप झालीच पाहिजे.

सकाळी भाऊंच्या आवाजानं जाग आली.

"अबे, कोन्या गाढवानं मोटर ऑटोवर टाकली बे?"

लाइन केव्हातरी आली होती आणि आमच्या मोटरनं उजाडेपर्यंत इमानदारीनं काम केलं होतं! मी धावत बांधीवर गेलो. एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत पाणी. मधल्या रेषेवर दोन बगळे. मी आत पाय टाकून बघितला, तो पोटरीपर्यंत गेला आणि वर आला तेव्हा चप्पल सोबत नव्हती.

तासाभरात सगळं गाव धुऱ्यावर जमलं. आमच्या संघाचे चाहते म्हणजे मोठे प्रेमळ लोक.

"मॅनेजर, पऱ्हे आनू का?"

"गोलकीपर पोहणारी पायजे होती गा!"

"जॅकेट काढा न् धोतर नेसा!"

भाऊंनी पाणी काढून द्यायला धुरा फोडला, पण चिखल कुठे जाणार? प्रज्ञा गोलजवळ उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला खरंच, जॅकेटसकट त्या चिखलात गडप व्हावंसं वाटलं.

मग भाऊंनी तिथेच सभा घेतली. "मॅनेजर बदलाचा कोनाकोनाले वाट्टे? हात वर करा."

सगळ्यांत आधी रंजनाचा हात वर गेला. मग तिचा दुसराही गेला!

"अवो, एका माणसाचं एकच मत!" मी ओरडलो.

"एक माह्यं," रंजना शांतपणे म्हणाली, "न् दुसरं तुमच्या मायचं. तिचे घुडगे दुखून राहिले, म्हनून मायाजोड धाडलं."

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं, "सॉरी बाबा" म्हणाली आणि हात वर केला. एकही मत माझ्या बाजूनं नव्हतं. नंतर विचार केला तर मलाही पटलं, पण तोवर मतदान संपलं होतं. शिटी रंजनाच्या गळ्यात गेली. जॅकेट तिला नको होतं.

सामन्याच्या वेळेला लाखनीचा संघ आला. नवे गणवेश, खाली टोचे असलेले चकचकीत बूट. त्यांच्या सरांनी बांधी बघितली आणि म्हणाले, "हे मैदान आहे? आम्ही खेळत नाही. सामना आम्ही जिंकलो, असं लिहून द्या."

मी खिशात पेन शोधायला लागलो. रंजना मात्र पदर खोचून पुढे झाली.

"काहून जी सर? तुमच्या पोरी भात खात नाई का? चिखल काय आमच्या गावचाच आहे? दोघीईले सारखाच आहे. भेव वाट्टे, त तसं लिहून द्या."

"भीती? आम्हाला?" सर लालबुंद झाले. "उतरा गं पोरींनो!"

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात नव्हती. रंजना गावातल्या रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, बायांची म्होरकी आहे. पावसाळ्यात वीस बायांची रांग तिच्या मागे चिखलात चालते. आणि संघातली एकेक पोर सुट्टीच्या दिवशी त्या रांगेत राबलेली! रंजनानं पोरींना जवळ बोलावलं. मी कान देऊन ऐकलं. त्यात मिडफिल्ड कुठेच नव्हतं.

"बूट काढा. पाय ओढू नोका, रोवन्यात काढता तसा सरळ वर काढा. धावू नोका. चेंडू जमिनीवरून जानार नाई, उचलून मारा."

सामना सुरू झाला. लाखनीची पहिली पोरगी जोरात धावली, तिचा बूट जागीच राहिला आणि ती पुढे गेली. दुसरी तिला सावरायला आली, ती बसली. चेंडू चिखलात रुतून स्वस्थ बसायचा आणि चार जणी त्याला लाथा मारून स्वतःच पडायच्या. अर्ध्या वेळानंतर त्यांनीही बूट काढले आणि मग खरी झुंज लागली. त्यांचे दोन फटके आमच्या बांबूला लागून परतले. भाऊ धुऱ्यावर येरझारा घालत होते. उन्हाळी धान सोडून त्यांना त्या क्षणी काय हवं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

शेवटच्या मिनिटांत, एकही गोल झाला नसताना, चेंडू लाखनीच्या गोलसमोर रुतला. प्रज्ञा निघाली. धावली नाही. एकेक पाय सरळ वर काढत, सावकाश, बरोबर तिच्या आईच्या चालीनं गेली, अंगठा चेंडूखाली घातला आणि उचलून आत टाकला!

गाव चिखलात उतरलं. रंजना शिटी वाजवतच सुटली, तिला थांबवायला दोन बाया लागल्या. मी प्रज्ञाला मिठी मारली आणि रडलो. माझी मुलगी, माझी बायको! एवढा अभिमान मला नोकरी लागली तेव्हाही वाटला नव्हता.

भाऊ डोळे पुसत म्हणाले, "बांधी पोरींची. पऱ्हे मी दुसऱ्या बांधीत नेतो."

ती संधी साधून मी हळूच म्हणालो, "पण चिखलामुळेच जिंकलो ना? पाणी तर मीच सोडलं होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रज्ञा रंजनाच्या कानात काहीतरी बोलली. रंजनानं मान हलवली आणि मला तिथल्या तिथे संघात परत घेण्यात आलं, नव्या कामावर.

आता मी दर सामन्यानंतर अकरा चड्ड्या आणि अकरा बनियानी धुतो. पोरी म्हणतात, आजवर संघाला असा अनुभवी माणूस मिळाला नव्हता. दोनदा राजीनामा दिला. नव्या मॅनेजरनं तो भिजत घातला, आणि तोही मलाच पिळायला लावला.