गुणाची पोर

लीलाबाईंचं माहेर वाळव्याकडचं, उसातलं. सासर जतच्या माळावर. नवरा फौजेत, म्हणून घर त्यांनीच सांभाळलं आणि गावाबाहेरच्या धनगरवस्तीवरची अंगणवाडीही.

सुरुवातीला लीलाबाई वस्तीवरची पोरं माहेरच्या पोरांच्या मापानं मोजायच्या. वस्तीवरच्या जुन्याजाणत्या नानासोंचा नातू गुंडा दीड वर्षाचा झाला तरी पाऊल टाकेना, तेव्हा त्यांनी घरच्यांना घाबरवून सांगलीला धाडलं. डॉक्टरांनी पोराला तपासलं आणि हसून परत पाठवलं. म्हणाले, मेंढरांमागं फिरताना हे पोर कायम घोड्यावर नाहीतर कुणाच्या तरी कडेवर. जमिनीवर खेळायला मिळतंय कुठं? चालेल. आणि गुंडा चाललाच.

"आवं बाई," नानासो म्हणाले, "आमच्यात पोरं उशिरा भुईला लागत्यात. मग थांबत न्हाईत."

लीलाबाई ओशाळल्या. तेव्हापासून वस्तीसाठी त्यांनी वेगळं माप धरलं. नव्या सेविकांनाही त्या सांगायच्या, प्रत्येक समाजाची रीत निराळी असते, उगीच भिववू नका.

काही वर्षांनी नानासोंची धाकटी सून अपेक्षा बाळंत झाली, तीही कृष्णाकाठी, मेंढरांच्या मुक्कामावर. मुलीचं नाव सृष्टी. रडणं नाही, हट्ट नाही, दूध प्यायली की झोपायची. 'लय गुणाची पोर' म्हणून वस्तीभर कौतुक झालं.

वर्ष उलटल्यावर अपेक्षा तिला घेऊन अंगणवाडीत आली.

"बाई, ही अजून नीट बसत न्हाई. हातपाय सारखं गार असत्यात."

लीलाबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं. कातडी खरखरीत लागली, जीभ जराशी बाहेर. क्षणभर त्यांच्या मनात काहीतरी खुपलं. पण गुंडाची सांगलीवारी आठवली.

"अगं, तुमच्यात पोरं उशिराच भुईला लागत्यात. नगं काळजी करूस."

"पर गुंडा हसायचा तरी, बाई. हाक मारली की बघायचा. ही बघत न्हाई."

लीलाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला घरी पाठवलं. दिवाळी झाली, मेंढरं निघाली, त्यांच्यामागं आईबरोबर सृष्टीही गेली.

पुढच्या पावसाळ्यात ती परत आली ती आईच्या कडेवरच. त्या वेळी अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि तिथूनच सांगलीला पाठवलं. लीलाबाई सोबत गेल्या. रक्त तपासलं. गळ्यातली एक ग्रंथी जन्मापासूनच काम करत नव्हती. औषध म्हणजे रोज सकाळी एक बारीकशी गोळी.

"शरीर सुधारेल," सांगलीचे डॉक्टर म्हणाले. "पण ही गोळी जन्मल्या जन्मल्या सुरू व्हायला हवी होती. बुद्धीचं जे राहून गेलं, ते सगळं भरून निघेल असं मी नाही सांगू शकत."

गोळीनं सृष्टी बसली, उभी राहिली, चालली. नानासोंनी वस्तीला पेढे वाटले. लीलाबाईंनी पेढा तसाच हातात ठेवला. त्या अपेक्षाकडं गेल्या.

"तू सांगत हुतीस गं. मी ऐकलं न्हाई."

अपेक्षा लोकर निवडत होती.

"तुमी काळजी करू नगं म्हटलं, तवा मला लय बरं वाटलं हुतं, बाई," ती म्हणाली. "त्याचंच वाईट वाटतंय आता."

लीलाबाई तिच्याशेजारी बसून लोकर निवडू लागल्या.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत. सृष्टी शाळेत जाते. तिच्याबरोबरच्या पोरी धडे वाचतात, ती अजून अक्षरांशीच अडते. दुपारी लीलाबाई तिला आपल्या ओसरीवर बसवून शिकवतात. वस्तीवरच्या आया अजूनही तान्ही पोरं दाखवायला येतात, तेव्हा त्या आधी आईचं सगळं बोलणं ऐकून घेतात आणि जराही शंका वाटली तरी डॉक्टरांकडं पाठवतात. पोर धडधाकट निघालं की लोक हसतात. हसू देत, त्या म्हणतात. पण सृष्टीची गेलेली दोन वर्षं त्यानं परत येत नाहीत, हेही त्यांना कळतं.

परवा सृष्टीनं पाटीवर 'क' काढला, अगदी सुबक. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विसरली. लीलाबाईंनी पाटी पुसली, तिचा हात हातात धरला आणि 'क' पुन्हा गिरवायला घेतला.